कीराच्या पायथ्याशी चित्रकथी

सिडनीच्या मराठी मंडळींना वॉलॉंगॉंग ठाऊक असतं ते अर्ध्या दिवसाच्या सहलीपुरतं. हेलेन्सबर्गला वेंकटेश्वराचं दर्शन, देवळाच्या कॅन्टीनमधला डोसा, समुद्रावरून वळत जाणाऱ्या सी क्लिफ पुलावर फोटो, मुलं फार कुरकुरली नाहीत तर पुढे नान तिएनचं बौद्ध मंदिर, आणि दिवेलागणीला परत. आमच्याकडे येणारे पाहुणेही याच क्रमानं गाव 'करतात'. मग चहा पिताना विचारतात, "बाकी बघण्यासारखं काय आहे इथं?" मी म्हणते, विद्यापीठ. त्यावर जरा वेळ कुणी काही बोलत नाही. नवरा तिथं नोकरीला नाही, मुलगा अजून चौथीत आहे, मग हिला विद्यापीठाचं काय एवढं, असं चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

आधी नावाबद्दल. नकाशात वाचून आपण वॉलॉंगॉंग म्हणतो, पण गावातली माणसं 'वुलनगॉंग' म्हणतात आणि लाडानं नुसतं 'द गॉंग'. शब्द मूळचा इथल्या धारावाल आदिवासींचा. त्याचे अर्थ एकाहून जास्त सांगितले जातात. त्यातला 'समुद्राचा आवाज' मला आवडतो, म्हणून मी तोच धरून बसले आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगराची सलग भिंत आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा गच्चीत उभ्या राहून म्हणाल्या, "हे आपलं कोकणच की गं, फक्त उलटं घातलेलं. समुद्र उगवतीला!" दक्षिणेला पोर्ट केम्ब्लाचा पोलादाचा कारखाना आहे. तिथली पहिली भट्टी १९२८ साली पेटली. शेजारच्या तांब्याच्या कारखान्याची १९८ मीटर उंच चिमणी ही गावाची खूण होती. ती २०१४ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडली. आमचे शेजारी आजोबा अजूनही पत्ता सांगताना 'चिमणीच्या अलीकडे' म्हणतात.

विद्यापीठही मुळात या भट्ट्यांच्या ओढीनं आलं. १९५१ मध्ये सिडनीच्या तंत्रविद्यापीठाची एक शाखा म्हणून ते सुरू झालं आणि १९७५ मध्ये स्वतंत्र झालं. धातू, खाणी, अभियांत्रिकी हा त्याचा पाया. आज समुद्राजवळ त्याचा दुसरा, नवा परिसर आहे. तिथं नव्या पदार्थांवर संशोधन चालतं आणि डिजिटल माध्यमांचंही काम चालतं. मुलांना घेऊन जायला तारांगण आहे. आता तर गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीतही याच विद्यापीठाची शाखा उघडली आहे. पण मी पाहुण्यांना नेते ती जुन्या परिसरात, कीरा डोंगराच्या पायथ्याशी. गावात फिरणाऱ्या फुकटच्या बसनं जाता येतं, बदकांचं तळं आहे, रस्त्यापलीकडे वनस्पती उद्यान आहे, आणि पंचवीस नंबरच्या इमारतीत कलाशाखा आहे. सत्र संपतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे बहुधा आपल्या दिवाळीच्या आगेमागे. तेव्हा मुलांची वर्षभराची कामं मांडलेली असतात आणि कुणीही आत जाऊन बघू शकतं. इथं दिवाळी वसंतात येते. उजेड रेंगाळत असतो, त्यामुळे आकाशकंदील लावायला रात्रीचे आठ वाजतात. तोवर घरात बसून करायचं काय? मी प्रदर्शनाला जाते.

तिथंच तीन वर्षांपूर्वी ती भेटली. सांगलीची. मी मिरजेची म्हटल्यावर दोन मिनिटांत आम्ही दोघी प्रदर्शन सोडून भडंगाबद्दल बोलत होतो. ती इथं अॅनिमेशनमध्ये पीएच.डी. करते. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते, आणि शनिवारी भाकरीच्या ओढीनं आमच्याकडे येते. तिचे बाबा बँकेतून निवृत्त झालेत. फोन स्पीकरवर असला की मलाही ऐकू येतं. "अगं, चित्रं काढून डॉक्टर? मग शोध कसला लावणार तू?"

प्रश्न काही वावगा नाही. मलाही तो पडला होता. मी मराठीत एम.ए. केलं, सहा वर्षं शाळेत शिकवलं. प्रबंध म्हणजे जाडजूड, काळ्या पुठ्ठ्यात बांधलेला, शेवटी संदर्भांची यादी, अशी माझी समजूत. इथं वेगळं आहे. कलेतली डॉक्टरेट म्हणजे एक कलाकृती करायची आणि तिच्या जोडीनं लेखी विवेचन द्यायचं: प्रश्न काय होता, तो करून पाहताना काय सापडलं, आधी कुणी काय केलं आहे. नुसती सुंदर फिल्म चालत नाही आणि नुसता निबंधही चालत नाही. ऑस्ट्रेलियात ही पद्धत १९८० च्या दशकात रुजली आणि ती आणणाऱ्यांत वॉलॉंगॉंग पुढे होतं.

तिच्या बाबांना मी एकदा माझ्या पद्धतीनं समजावलं. म्हटलं, काका, तुम्ही सोसायटीची पत्रं संगणकावर मराठीत टाइप करता ना? विंडोजबरोबर वर्षानुवर्षं जो मंगल फॉंट आला, तो र. कृ. जोशी यांनी केला. ते आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात प्राध्यापक होते. रकार कुठं टेकवायचा, जोडाक्षर पडद्यावर फुटू नये म्हणून काय करायचं, यावर त्यांनी आयुष्य घातलं. तो शोधच की. काका "हं" म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ मला अजून नीट कळलेला नाही, पण तो प्रश्न त्यानंतर आला नाही.

तर तिचा प्रश्न काय? अॅनिमेशनमध्ये सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींपुरतं धरलं तरी बारा चित्रं. सहा मिनिटांच्या फिल्मला चार हजार तीनशे वीस चित्रं होतात. आजकाल बरीच कामं संगणक उचलतो, पण हिशोब तोच. आणि आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी पूर्वापार काय करत आले? कुडाळजवळच्या या गावातले ठाकर समाजाचे कलाकार तीस-पन्नास चित्रांची एक 'पोथी' घेऊन बसायचे, एकेक पान समोर धरायचे आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीनं रामायण-महाभारतातलं आख्यान लावायचे. चित्र जागचं हलत नाही. सांगणारा हलतो, त्याचा आवाज हलतो. तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे युद्ध होतं, रथ धावतात. तिचा प्रश्न असा की चार हजार चित्रांत जे होतं ते चाळीस चित्रांत कसं होतं? कमीत कमी किती हललं म्हणजे गोष्ट हलते?

मला हा प्रश्न फार आवडला. मास्तरकीत असताना फळ्यावर दोन रेघांचा घोडा काढून मी चाळीस मुलांचा वर्ग पानिपतापर्यंत नेलेला आहे. 'नवमाध्यम' वगैरे शब्दांना आपण उगाच दबतो. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली शांबरिक खरोलिकेचा खेळ लावला. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागे दिवा, आणि काचा एकमेकींवर सरकवून पडद्यावर माणसं हलताहेत असा भास. सिनेमा आपल्याकडे यायच्या आधीची ही गोष्ट. आणि गंमत म्हणजे त्याच १८९२ मध्ये इकडे मेलबर्नमध्ये साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेनं आपला 'लाइमलाइट' विभाग काढला, काचचित्रं दाखवून प्रवचन करण्यासाठी. पुढे १९०० मध्ये त्यांनी काचचित्रं आणि चित्रफितीचे तुकडे एकत्र गुंफून मेलबर्नच्या टाउन हॉलमध्ये मोठा कार्यक्रम केला. एकीकडे रामायण, दुसरीकडे ख्रिस्ती हुतात्मे, आणि दोन्हीकडे अंधारात बसलेली माणसं. कल्याण आणि मेलबर्न यांना एकमेकांचा पत्ताही नसेल.

आता खरी अडचण. मला वाटलं होतं की विषय ठरला, प्रश्न ठरला, आता पोरगी चित्रं काढायला बसेल. तर नाही. मार्गदर्शक बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हे कुणाचं आहे?"

हा प्रश्न इथं का विचारतात, ते कीरावर चढलं की कळतं. डोंगर ४६४ मीटरचा, माथ्यावर सज्जा आहे, तिथून सगळं गाव आणि समुद्रातली पाच बेटं दिसतात. धारावाल कथेत पश्चिमेच्या वाऱ्याला सहा मुली होत्या. पाच समुद्रात फेकल्या गेल्या, ती बेटं झाली, आणि मागे एकटी राहिलेली गीरा म्हणजे हा डोंगर. पहिल्या वर्षी तिला हीच कथा चित्रांत करावीशी वाटली होती. गोष्ट पाटीवर लिहिलेली आहे, पुस्तकात आहे, मग काय हरकत? तर तिला सांगण्यात आलं की छापलेली आहे म्हणजे मोकळी आहे असं नाही. ज्यांची आहे त्यांना विचारायचं, आणि ते 'नको' म्हणाले तर थांबायचं.

या देशानं हे धडे उशिरा घेतले. १९६६ मध्ये नवं दशमान चलन आलं तेव्हा एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी या आदिवासी चित्रकाराच्या सालीवरच्या चित्रातली आकृती छापली गेली. त्याला विचारलंच नव्हतं. नंतर चूक लक्षात आली, तेव्हा त्याला हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं साहित्य दिलं. पुढे आदिवासी चित्रकारांच्या नक्षा व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून इथं विकायला आणल्या, आणि १९९४ मध्ये न्यायालयानं त्याबद्दल भरपाई द्यायला लावली. ज्या चित्रांवर पाय ठेवणं त्या समाजाच्या मनातही येणार नाही, ती बैठकीच्या खोलीत अंथरलेली! आता माणसांशी संबंध येणाऱ्या कुठल्याही संशोधनाला आधी नीतिसमितीची मंजुरी लागते, आदिवासींशी संबंध येत असेल तर आणखी वेगळी संहिता पाळावी लागते.

ती म्हणाली, "ताई, मग गीराला विचारायचं आणि पिंगुळीला नाही, असं कसं?"

इथं आमचं वाजलं. माझं म्हणणं, रामायण कुणाच्या मालकीचं आहे? माझ्या आजीनं मला सांगितलं, तिला कीर्तनकारानं, त्याला आणखी कुणी. प्रत्येकानं परवानगीचे कागद मागितले असते तर गोष्ट पंचवटीच्या पुढे सरकली नसती. ती म्हणाली, गोष्ट सगळ्यांची, कबूल. पण ते मोठाले डोळे, ती एका बाजूनं दिसणारी तोंडं, ती पाठीला पाठ चिकटवलेली पानं उलटायची रीत, ती लावणी त्या घरांची आहे. त्यावर त्यांचं पोट होतं. अनेकांनी ते सोडून दुसरी कामं धरली, काहींनी नेटानं टिकवलं. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. हे सगळं त्यांनी सांभाळायचं आणि डॉक्टर व्हायचं मी?

मला तिचं अर्धं पटलं. अर्धं अजून पटत नाही, आणि ते इथं लिहायला हरकत नाही. विचारून-विचारून कला कपाटात जायची, अशी मला भीती वाटते. पुण्याच्या केळकर संग्रहालयात पैठणची जुनी चित्रकथी चित्रं आहेत. सुरेख आहेत, काचेमागे आहेत, आणि त्यांच्यापुढे उभं राहून कुणी गात नाही. पण तिच्या जागी असते तर मीही बहुधा विचारलंच असतं. माझे एम.ए., बी.एड.चे कागद इथं आल्यापासून कपाटातच आहेत. सहा वर्षं शिकवलेलं इथल्या कुठल्या रकान्यात बसवायचं, ते कुणाला ठरवता येत नाही. आपल्याला येतं त्याला नाव न मिळणं कसं असतं, ते थोडंसं कळतं.

दरम्यान एक चाचणी झाली, आणि ती आमच्या कोजागरीला. तिनं स्वतःच्या शैलीत, चित्रकथीचं काही न उचलता, कोल्ह्याची एक छोटी गोष्ट तीन प्रकारे केली होती. पहिल्यात सगळं हलतं. दुसऱ्यात फक्त डोळे आणि हात. तिसऱ्यात काहीच नाही, एकामागून एक चित्रं, आणि मागे आवाज. आवाज माझा. फेअरी मेडोमधल्या एका घरी आम्ही दरवर्षी जमतो, आठ-दहा कुटुंबं. पण मुलांना फिल्म दाखवून त्यांचं निरीक्षण करायचं म्हणजे आईवडिलांची लेखी संमती हवी, आणि आजी-आजोबांना वाचता यावी म्हणून ती मराठीतही हवी. भाषांतर माझ्याकडे आलं.

मी आयुष्यात इतका अवघड उतारा भाषांतरासाठी केला नव्हता. 'केव्हाही, कारण न देता सहभाग मागे घेण्याचा अधिकार' असं लिहिलं तर आमच्या सासूबाईंना वाटलं की जमिनीचा दावा आहे. 'माघार' लिहिलं तर लढाई वाटते. शेवटी लिहिलं, 'मध्येच उठून जावंसं वाटलं तर जावे, कुणी कारण विचारणार नाही.' समितीला ते चाललं. कोजागरीला लोक मसाला दूध प्यायला आले आणि आधी सह्या करून मग प्याले. एका आजोबांनी फॉर्म दोनदा वाचला आणि म्हणाले, "आमच्या लग्नात एवढं विचारलं नव्हतं." आणि मध्येच उठून जाण्याचा अधिकार बजावणारा एकमेव सहभागी निघाला माझा मुलगा. तो दुधाकडे गेला.

बाकी मुलं बसली. पहिला प्रकार बघताना सगळी गप्प, तोंडं उघडी. तिसऱ्याला मात्र बडबड सुरू झाली. "आता तो पडणार!" "कोल्हा कुठे गेला?" एका मुलीनं पडद्याजवळ जाऊन चित्रावर बोट ठेवलं. तिला मराठी समजतं, बोलता येत नाही, आणि ती इंग्रजीत माझ्या आवाजाशी भांडत होती. मला तर वाटलं, झालं, सिद्ध झालं! मी तिला म्हटलं, "लिहून टाक." तिनं मान हलवली. अकरा मुलं म्हणजे काही निष्कर्ष नाही, ताई. तिसरा प्रकार शेवटी दाखवला, तोवर गोष्ट पाठ झाली होती, म्हणूनही बोलली असतील. पुढच्या वेळी क्रम बदलून पाहायला हवा. शिवाय आवाज ओळखीच्या मावशीचा होता. मी जरा हिरमुसले, खोटं कशाला बोलू. पण वर्गात चांगलं उत्तर देणाऱ्या मुलाला 'कशावरून?' विचारणारी मीच होते एकेकाळी.

मग तिनं पिंगुळीला फोन लावला. ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळाला होता, एका जुन्या चित्रकथी घरातला. रविवारची दुपार, आमच्या स्वयंपाकघरात. तिनं चार पानं टिपणं काढली होती. श्रेय कसं देणार, मोबदला किती, चित्रं कुठं कुठं दाखवली जातील, सगळं. फोनवरच्या गृहस्थांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही आमची चित्रं बघितलीत कुठं?"

पुस्तकात. संगणकावर.

"पोथी लावताना कधी बघितली नाहीत?"

नाही.

"मग आधी या. बसा. ऐका. मग काय ते बोलू." आणि जरा थांबून, "तिकडच्या पोरांना मराठी कळतं का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सांग, कळतं, उत्तर इंग्रजीत देतात. ते हसले. हो किंवा नाही, दोन्ही म्हणाले नाहीत.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ टिपणं चाळत बसली. तीन वर्षं चित्रकथीवर वाचलेलं, बाराव्या शतकातल्या मानसोल्लासातल्या उल्लेखापासून सगळं तोंडपाठ, आणि एकही पोथी समोर बसून ऐकलेली नाही. सांगली ते पिंगुळी एका दिवसाचा रस्ता. पण सांगलीत असताना ही मुलगी जपानी आणि अमेरिकन अॅनिमेशन बघत होती. चित्रकथी तिला पहिल्यांदा भेटली ती इथं, पंचवीस नंबरच्या इमारतीत, एका ऑस्ट्रेलियन बाईंच्या तासाला. यात तिची काही चूक नाही. आमच्या शाळांच्या चित्रकलेच्या तासाला निसर्गचित्र नावाचे दोन डोंगर आणि मध्ये सूर्य, एवढंच होतं.

आता अडचणी वेगळ्या आहेत. शिष्यवृत्तीची मुदत साडेतीन वर्षांची, त्यातली तीन संपत आली. फिल्ममध्ये आज चित्रांच्या जागी करड्या चौकटी आहेत आणि आवाजाची पट्टी रिकामी आहे. पिंगुळीकर नाही म्हणाले तर हे सगळं बाजूला ठेवून स्वतःच्या कोल्ह्यावरच प्रबंध पुरा करायचा, असं तिनं मार्गदर्शक बाईंशी ठरवून ठेवलं आहे. हो म्हणाले तर आवाज त्यांच्यापैकी कुणाचा तरी असेल. म्हणजे माझा नसेल. ते मला आधीच सांगितलं गेलं आहे, आणि मी समजूतदारपणानं मान डोलावलेली आहे.

जानेवारीत मुलाला उन्हाळी सुट्टी असते, आम्ही मिरजेला जाणारच आहोत. ती सांगलीहून येईल. कोल्हापूरहून गगनबावड्याच्या घाटानं एसटीनं उतरायचं की आंबोलीमार्गे जायचं, यावर तिच्या बाबांचं आणि माझ्या भावाचं फोनवर एकमत होत नाहीये. काका आता म्हणतात, मीही येतो, पोथी ऐकायला. त्यांच्यासाठी एक जास्तीचा फॉर्म मी छापून ठेवला आहे.